जळता न्यूगेट तुरुंग : १७८० सालचे छापचित्र कसे वाचावे

लंडनमधील न्यूगेट तुरुंगावर ६ जून १७८० रोजी संध्याकाळी जमावाने हल्ला केला. त्यानंतर पंचवीस दिवसांनी, १ जुलैला, पॅटर्नॉस्टर रो या पुस्तकविक्रेत्यांच्या गल्लीतील फील्डिंग आणि वॉकर या प्रकाशकांनी त्या प्रसंगाचे ताम्रपटावरून छापलेले चित्र प्रसिद्ध केले. ‘द बर्निंग अँड प्लंडरिंग ऑफ न्यूगेट अँड सेटिंग द फेलन्स अ‍ॅट लिबर्टी बाय द मॉब’, म्हणजे न्यूगेटची जाळपोळ व लूट आणि जमावाने केलेली गुन्हेगारांची सुटका, असे त्याचे शीर्षक आहे. हा हल्ला ज्या कॅथलिकविरोधी दंगलीचा भाग होता त्या गॉर्डन दंगलीविषयीच्या मजकुराशेजारी इतिहासाच्या पुस्तकांत हे किंवा याच जातीचे एखादे चित्र लावलेले आढळते, आणि वाचक ते छायाचित्रासारखे पाहून पान उलटतो. छापचित्राला मात्र काढणारा, कोरणारा, छापणारा आणि विकणारा असे चार हात लागलेले असतात, आणि त्या प्रत्येकाने प्रसंगाविषयी स्वतःचे काही तरी म्हणून ठेवलेले असते. ते म्हणणे ओळखून, वेगळे काढून, अन्य साधनांशी ताडून कसे पाहावे याची पद्धत येथे क्रमाने मांडली आहे. इतिहासाचे विद्यार्थी, जुन्या चित्रांचे संग्राहक आणि लेखासाठी चित्र निवडणारे संपादक या तिघांनाही ती उपयोगी पडावी, अशी अपेक्षा आहे.

आधी प्रसंग ठाऊक हवा

१७७८ साली ब्रिटिश संसदेने कॅथलिकांवरील काही जुनी बंधने सैल करणारा कायदा केला. शपथ घेणाऱ्या कॅथलिकांना जमीन विकत घेण्याचा व वारशाने मिळवण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. अमेरिकेतील युद्धासाठी सैनिक हवे होते, हेही या सवलतीमागचे एक कारण होते. कायदा रद्द व्हावा म्हणून प्रोटेस्टंट असोसिएशन या संस्थेचा अध्यक्ष लॉर्ड जॉर्ज गॉर्डन याने २ जून १७८० रोजी सेंट जॉर्जेस फील्ड्स या मैदानात हजारो लोक जमवले आणि टोपीला निळ्या फितीचे फूल लावलेला तो जमाव अर्ज घेऊन संसदेवर गेला. त्याच रात्री सार्डिनिया आणि बव्हेरिया या राज्यांच्या वकिलातींची प्रार्थनागृहे फोडली गेली आणि काही माणसे पकडली गेली. या पकडलेल्या सोबत्यांना सोडवणे, हे ६ जूनला न्यूगेटकडे वळलेल्या जमावाचे पहिले मागणे होते. तुरुंगाधिकारी रिचर्ड एकरमन याने नकार दिल्यावर त्याच्या घराच्या खिडक्या फोडून, सामान बाहेर काढून ते पेटवण्यात आले, दारांवर घण, पहारी आणि कुदळी चालवल्या गेल्या, आग घरातून तुरुंगात पसरली, आणि शंभराहून अधिक कैदी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी फ्लीट आणि किंग्ज बेंच हे तुरुंग पेटले, होबर्नमधील लँगडेलची मद्याची भट्टी जळाली, बँक ऑफ इंग्लंडवर चाल झाली आणि सैन्याने गोळीबार केला. लष्कराच्या हिशेबात मृतांची संख्या २८५ होती.

हा कालक्रम तारीखवार एका कागदावर लिहून जवळ ठेवावा. पुढच्या प्रत्येक पायरीला त्याची गरज लागते.

पहिली पायरी : शीर्षक झाकून चित्र पाहणे

चित्राखालची अक्षरे कोऱ्या कागदाने झाकावीत. पडद्यावर पाहत असाल तर चित्राचा तेवढाच भाग दिसेल असे करावे. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर या दंगलीची अनेक छापचित्रे विनामूल्य पाहता येतात. नंतर चित्राचे मनाने सहा किंवा नऊ चौकोन पाडून एकेका चौकोनात जे दिसते त्याची फक्त नावे लिहावीत: खिडकी, ज्वाला, शिडी, खुर्ची, टोपी, सोटा, बेडी. ‘क्रूर’, ‘बेभान’, ‘उन्मत्त’ असे एकही विशेषण या यादीत येऊ देऊ नये, कारण विशेषण आपण शीर्षकातून किंवा आधीच्या वाचनातून आणलेले असते आणि वस्तू चित्रातून आलेली असते. किमान पंधरा मिनिटे तरी हे काम करावे.

यात हातांकडे विशेष लक्ष द्यावे. जमावाचे चित्र काढणारा कारागीर मागच्या रांगांतील डोकी नुसत्या अर्धवर्तुळांनी भरून टाकतो, पण पुढच्या रांगेतील प्रत्येक हाताला त्याने काही ना काही काम दिलेले असते. कोण फोडतो आहे, कोण उचलून नेतो आहे, कोण नुसते बोट दाखवतो आहे, कोणाच्या पायात बेडी आहे आणि ती कोण काढतो आहे, हे मोजून लिहावे. पाहणाऱ्यांची संख्या फोडणाऱ्यांपेक्षा जास्त भरली, तर तीही नोंद महत्त्वाची आहे.

दुसरी पायरी : अक्षरे

आता झाकलेला कागद काढावा. अठराव्या शतकातील इंग्रजी छापचित्राखाली सामान्यतः तीन प्रकारचा मजकूर असतो. चित्राच्या कडेला लागून डाव्या व उजव्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत कारागिरांची नावे असतात. नावापुढे ‘डेल.’ किंवा ‘डेलिन.’ असेल तर त्याने रेखाटन केले, ‘पिंक्स.’ असेल तर मूळ रंगचित्र त्याचे, ‘स्कल्प.’ किंवा ‘एससी.’ असेल तर पत्रा त्याने कोरला, असा लॅटिन संक्षेपांचा अर्थ घ्यावा. मध्ये मोठे शीर्षक असते. तळाशी प्रकाशनाची ओळ असते, आणि तिच्यात बहुधा ‘कायद्याने सांगितल्याप्रमाणे प्रसिद्ध’ या अर्थाचे शब्द येतात.

ही शेवटची ओळ अभ्यासकासाठी फार मोलाची आहे. चित्रकार आणि कोरीव कारागीर विल्यम होगार्थ व त्याच्या सोबत्यांच्या खटपटीमुळे १७३५ साली कोरीव चित्रांना स्वामित्वहक्क मिळाला, आणि त्या हक्कासाठी मालकाचे नाव व प्रसिद्धीची तारीख पत्र्यावर कोरणे आवश्यक ठरले. म्हणूनच या काळातील चित्रांवर दिवस, महिना आणि वर्ष सापडते. ही तारीख पत्र्याची असते, तुमच्या हातातील कागदाची नव्हे, एवढे मात्र विसरू नये. एकच पत्रा वीस वर्षांनीसुद्धा पुन्हा छापता येई आणि जुनी तारीख तशीच उमटे. अक्षरे वाचताना जुना लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे शब्द अडला तर ‘एफ’च्या जागी ‘एस’ घालून पाहावा.

शीर्षक कोशातील अर्थाने वाचून थांबू नये, त्यातील निवड पाहावी. न्यूगेटमध्ये कर्ज फेडू न शकलेले लोकही कोंडलेले असत, आणि इमारतीत त्यांचा भाग गुन्हेगारांच्या भागापासून वेगळा होता. फील्डिंग आणि वॉकर यांच्या शीर्षकात मात्र फक्त ‘फेलन्स’ सुटले आहेत. जमाव ज्यांना सोडवायला आला होता ती चार दिवसांपूर्वी पकडलेली माणसेही या शब्दात दिसेनाशी होतात. ‘अ‍ॅट लिबर्टी’ हे शब्दही तपासून पाहावेत, कारण स्वातंत्र्य हा त्या काळच्या इंग्रजी राजकारणातील अतिशय मानाचा शब्द होता, आणि येथे तो गुन्हेगारांच्या शेजारी बसवला आहे. माझ्या मते या चित्रातील सर्वांत ठाम विधान ज्वालांत नसून या शब्दांच्या जुळणीत आहे.

याच्या शेजारी त्याच प्रसंगाचे दुसरे छापचित्र ठेवून पाहावे. त्याच्या शीर्षकात लंडनच्या दंगेखोरांनी केलेला विध्वंस, न्यूगेटचा नवा तुरुंग पेटवणे आणि ‘मिस्टर एकरमन यांचे सामान’ जाळणे, असे शब्द आहेत. पहिल्या शीर्षकात कैदी पुढे आहेत, दुसऱ्यात एका अधिकाऱ्याच्या घरातील खुर्च्या-टेबले. एकच रात्र, पण गमावले काय याची मोजणी वेगळी.

तिसरी पायरी : पत्रा आणि कागद

मूळ प्रत हातात असेल तरच ही पायरी पूर्ण करता येते. हात धुऊन कोरडे करावेत, प्रत सपाट टेबलावर ठेवावी आणि एका बाजूने तिरपा प्रकाश टाकावा. ताम्रपटावरून छापताना ओलसर कागद आणि शाई भरलेला पत्रा दाबाच्या रुळांतून जातो, त्यामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो. तो दिसला नाही तर समास कापले गेले असतील किंवा प्रत वेगळ्या तंत्राची असेल. दगडावरील छपाईत, म्हणजे पुण्याच्या चित्रशाळेच्या किंवा रविवर्मा प्रेसच्या ज्या तसबिरी अनेक मराठी घरांत होत्या त्यांत, असा दबलेला चौकोन नसतो. दगडी छपाईचा शोधच १७९०च्या दशकातला असल्यामुळे, १७८० सालचे म्हणून विकले जाणारे चित्र त्या तंत्राचे निघाले तर ती नंतरची नक्कल समजावी.

दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून रेघा पाहाव्यात. हत्याराने कोरलेली रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा बारीक होते. आम्लाने खोदलेली रेघ साधारण एकाच जाडीची असते आणि तिचे टोक बोथट असते. घाईच्या चित्रांत आम्लाचे काम जास्त आढळते, कारण ते लवकर होते. धूर किंवा आकाश रेघांऐवजी बारीक कणांच्या करड्या छटेने भरले असेल तर ते ॲक्वाटिंट, म्हणजे आम्लाने पत्र्यावर छटा उठवण्याचे तंत्र, असू शकते. ही छटा ओळखण्याचा सराव करण्यासाठी मराठी वाचकाला जवळचे उदाहरण आहे: जेम्स वेल्सने काढलेल्या वेरूळच्या लेण्यांच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली प्रसिद्ध केलेली छापचित्रे. आणि भिंगाखाली समान अंतरावरचे, ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ते आधुनिक छपाईचे पान आहे. त्यावर पुढे वेळ घालवू नये.

कागद उजेडासमोर धरावा. हातकागदाच्या जुन्या प्रकारात साच्याच्या तारांच्या जवळजवळच्या समांतर रेघा दिसतात. तारांच्या खुणा नसलेला एकसंध कागद १७८० साली इंग्लंडमध्ये तयार होत होता, पण त्याचा सर्रास वापर नंतर वाढला. जलचिन्हात वर्ष असेल तर ते नीट वाचावे. १७९४ नंतर इंग्रजी कागदावर वर्ष घालण्याची पद्धत रूढ झाली, आणि पत्र्यावर १७८० व कागदात १८०१ असे आढळले तर प्रत अस्सल पत्र्याची पण उशिराची आहे, असा अर्थ होतो. रंगही तपासावेत. दंगलखोरांच्या टोपीवरील फूल निळे असायला हवे. रंगवणाऱ्याने ते लाल केले असेल, तर त्याला प्रसंगाची माहिती नव्हती, आणि रंग बऱ्याच नंतर चढवला गेला असण्याची शक्यता आहे.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अशी प्रत सांभाळणे कठीण असते. तिला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये, भिंतीला टेकलेल्या चौकटीत ठेवू नये आणि कसर लागली आहे का हे दर काही आठवड्यांनी पाहावे.

चौथी पायरी : इमारत

न्यूगेटचा आराखडा जॉर्ज डान्स धाकटा या वास्तुविशारदाचा होता. बांधकाम १७७० साली सुरू झाले आणि दंगलीच्या वेळी ते जवळजवळ पूर्ण झालेले होते, म्हणजे जमावाने नवीकोरी इमारत जाळली. ओल्ड बेली रस्त्याकडील दर्शनी भाग लांबलचक होता: मध्ये खिडक्या असलेले तुरुंगाधिकाऱ्याचे घर, दोन्ही बाजूंना प्रवेशाची दारे, आणि त्यापलीकडे खडबडीत घडवलेल्या मोठ्या दगडांच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या नसलेल्या भिंती. दारांवर दगडात बेड्यांच्या माळा कोरलेल्या होत्या. इमारत दुरुस्त होऊन पुन्हा वापरात आली आणि १९०२ साली पाडायला घेतली गेली. त्या जागी आज मध्यवर्ती फौजदारी न्यायालय उभे आहे. त्यामुळे तपासणीसाठी पाडण्यापूर्वीची छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि अठराव्या शतकातील चित्र छायाचित्राशी ताडण्याची ही संधी सहसा मिळत नाही.

छायाचित्र शेजारी ठेवून विचारावे: चित्रातील ज्वाला कोणत्या खिडकीतून निघत आहेत? आंधळ्या दगडी भिंतीत चित्रकाराने खिडक्या घातल्या असतील, तर त्याने इमारत पाहिली नव्हती किंवा आग दाखवण्यासाठी त्याला जागा हवी होती. ज्वाला मधल्या घरातून येत असतील तर ते घटनेच्या क्रमाशी जुळते, कारण जमावाने तुरुंगाचा मजबूत दगड सोडून त्यातील एकमेव घरगुती, लाकडी दारा-खिडक्यांचा भाग आधी धरला. दुसऱ्याच्या चित्रावरून सरळ पत्र्यावर उतरवलेली नक्कल छापल्यावर आरशातल्यासारखी उलटते, पण न्यूगेटचा दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे इमारतीवरून हे कळत नाही. अशा वेळी माणसांकडे वळावे: बहुतेकांनी सोटे डाव्या हातात धरले असतील आणि तलवारी उजव्या कमरेला असतील, तर चित्र नकलेचे असल्याचा संशय घ्यावा.

पाचवी पायरी : वेळ

हल्ला संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू झाला. जूनमध्ये लंडनला सूर्य आठनंतर मावळतो. म्हणजे घराच्या खिडक्या फुटत होत्या तेव्हा उजेड होता, आणि काळ्या आकाशावर उसळणाऱ्या ज्वाला त्यानंतरच्या आहेत. चित्रात सामान बाहेर फेकले जात असेल, दार फुटत असेल, छत जळत असेल आणि त्याच वेळी बेड्या घातलेले कैदी चालत असतील, तर चित्रकाराने काही तासांचा काळ एका पत्र्यावर एकत्र आणला आहे. याला खोटेपणा म्हणू नये. आपल्याकडेही चित्रकथीत वा मंदिराच्या भिंतीवर एकाच चौकटीत कथेचे अनेक क्षण येतात आणि पाहणाऱ्याला ते कळते. आपण फक्त प्रत्येक कृतीसमोर कालक्रमातील तिची वेळ लिहावी आणि कोणती वेळ गाळली आहे ते शोधावे.

बहुतेक वेळा गाळलेली वेळ म्हणजे दुसरी सकाळ. बुधवारी लेखक आणि कोशकार सॅम्युएल जॉन्सन न्यूगेट पाहायला पायी गेला, आणि ९ जूनच्या पत्रात त्याने लिहिले की तुरुंग उद्ध्वस्त झाला होता, आग अजून धगधगत होती, आणि शेजारचे न्यायालय लुटणारे लोक, त्याच्या अंदाजाने, शंभरही नव्हते. ते दिवसाढवळ्या, पहारेकरी न ठेवता, न घाबरता, कायदेशीर कामाला लावलेल्या माणसांसारखे निवांत काम करत होते. हे पत्र मी प्रत्येक वेळी छापचित्राच्या शेजारी ठेवतो. छापचित्रांत प्रचंड गर्दी, उंचावलेले हात आणि उघडी तोंडे असतात. पत्रात थोडी माणसे आणि न बोलता चाललेले काम आहे. दोन्ही खरे असू शकते, कारण वेळा वेगळ्या आहेत. पण दंगल म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय उभे राहते, हे पत्राने ठरवले नाही, चित्रांनी ठरवले.

सहावी पायरी : चेहरे आणि नावे

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. चित्रातील चेहरे कारागिराने बनवलेले असतात. नावे न्यायालयाच्या कागदांत आहेत. ओल्ड बेली न्यायालयातील खटल्यांचे छापील वृत्तांत संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. त्यात २८ जून १७८० रोजी सुरू झालेले सत्र उघडावे आणि न्यूगेट व एकरमन हे शब्द शोधावेत. एकरमनची स्वतःची साक्ष तेथे आहे. आरोपींत टॉमस हेकॉक हा वेटर आहे. बेंजामिन बाउसी आणि जॉन ग्लोव्हर हे दोन कृष्णवर्णी नोकर आहेत. साक्षीदार सांगतात की अमुक माणसाच्या हातात अमुक वस्तू होती, तो अमुक ठिकाणी उभा होता.

या साक्षींतून पहिल्या पायरीसारखीच वस्तूंची यादी करावी आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. मग चित्राला सरळ प्रश्न विचारता येतात. साक्षींत येणारी हत्यारे चित्रात आहेत का? तुमच्या प्रतीत एकही कृष्णवर्णी चेहरा आहे का? स्त्रिया आहेत का, आणि असतील तर त्या काय करताना दाखवल्या आहेत? कपड्यांवरून कोणी कामावरून सुटून आलेला नोकर वाटतो, की सगळ्यांना एकसारख्या फाटक्या चिंध्या नेसवल्या आहेत? साक्षही निर्मळ पुरावा नसते, हे येथे ध्यानात ठेवावे. साक्षीदाराला फाशीच्या खटल्यात उभे केलेले होते आणि ओळख पटवण्यात चूक होऊ शकत होती. तरीही ‘जमाव’ या एका शब्दाखाली चिरडलेली माणसे व्यवसाय आणि नाव घेऊन पुन्हा दिसू लागतात ती याच कागदांत, आणि त्यांच्यापैकी काहींना त्याच उन्हाळ्यात फासावर चढवले गेले.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. कवी आणि कोरीव कारागीर विल्यम ब्लेक त्या संध्याकाळी गर्दीच्या पुढच्या रांगेत ओढला गेला होता, अशी गोष्ट त्याच्या १८६३ सालच्या चरित्रात आहे. गोष्ट आकर्षक आहे, पण घटना आणि चरित्र यांत ८३ वर्षांचे अंतर आहे. ती वापरायची असेल तर तारखेसह वापरावी, आणि कोणत्याही छापचित्रातील तरुणाला ब्लेक म्हणू नये.

सातवी पायरी : चित्रांच्या रांगेत आपले चित्र

शेवटी सर्व छापचित्रे प्रसिद्धीच्या तारखेने लावावीत. रांगेच्या आरंभी व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचे ९ जून १७८०चे चित्र येते: हातात सोटा आणि टोपीवर फितीचे फूल असलेला एकच दंगेखोर, मागे जळते न्यूगेट, आणि खाली पद्यात असा भाव की हा स्वतःला प्रोटेस्टंट म्हणवतो, पण त्याचा चेहरा आणि सोटा काही वेगळेच सुचवतात. गॉर्डनला पकडले गेले तोही हाच दिवस. मग १ जुलैचे फील्डिंग आणि वॉकर यांचे चित्र, आणि त्यानंतर इतिहासग्रंथांत बांधण्यासाठी केलेली चित्रे. १८४१ साली आलेल्या चार्ल्स डिकन्सच्या ‘बार्नबी रज’ या कादंबरीत ही दंगल असल्यामुळे तिच्यातील लाकडी ठशांची चित्रेही पुष्कळदा १७८० सालची म्हणून फिरतात. ती रांगेतून बाजूला काढावीत.

रांग लागली की प्रत्येक चित्रासाठी नोंद तीन वेगळ्या परिच्छेदांत लिहावी: चित्रात काय आहे, अक्षरांत काय आहे, आणि बाहेरच्या पुराव्यात काय आहे. तिसऱ्यातील माहिती पहिल्यात मिसळू देऊ नये. संपादकाने चित्राखाली ओळ देताना निदान प्रकाशक आणि तारीख द्यावी. ‘न्यूगेटवरील हल्ला, १७८०’ एवढेच लिहिल्यास वाचक ती घटनेचीच प्रतिमा समजतो, आणि ‘१ जुलै १७८० रोजी विक्रीस आलेले चित्र’ म्हटल्यास त्याला योग्य अंतर मिळते.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला फ्रान्सिस व्हीटलीच्या रंगचित्रावरून जेम्स हीथने कोरलेले आणि जॉन बॉयडेलने १७९० साली प्रसिद्ध केलेले मोठे छापचित्र ठेवावे. त्यात ७ जूनच्या ब्रॉड स्ट्रीटमधील दंगल आहे: शिस्तीत उभे राहून गोळ्या झाडणारे शस्त्रधारी, समोर घर लुटणारा जमाव आणि जखमीची शुश्रूषा करणारी माणसे. दहा वर्षांत चित्राचा नायक बदलला आहे, हे दोन्ही पत्रे शेजारी ठेवल्यावर लगेच जाणवते. व्हीटलीने केलेला बदल कोणता आणि हीथने केलेला कोणता, हे मात्र आता ताडून पाहता येत नाही. मूळ रंगचित्र कोरण्यासाठी हीथच्या घरी असताना तेथे लागलेल्या आगीत जळून गेले.